ऐकणाऱ्याचीही परीक्षा घ्या

अमेरिकेतील विद्यापीठांत ऑगस्टचा मध्य हा परदेशी विद्यार्थ्यांच्या आगमनाचा काळ असतो. संशोधनासाठी वा उच्च पदवीसाठी प्रवेश मिळालेला आपला विद्यार्थी दोन बॅगा घेऊन उतरतो, खोली शोधतो आणि वेळेच्या फरकाची झोप पुरी व्हायच्या आत एका रिकाम्या वर्गात तीन-चार परीक्षकांसमोर उभा राहतो. फळा मागे असतो, हातात खडू असतो, आणि स्वतःच्या विषयातील एखादी संकल्पना दहा मिनिटांत इंग्रजीतून शिकवून दाखवायची असते. तो ज्या पदावर रुजू होणार असतो त्याला तिकडे ‘टीचिंग असिस्टंट’ म्हणतात. पदवीच्या मुलांच्या प्रयोगशाळा घेणे, उजळणीचे तास चालवणे, गृहपाठ तपासणे, शंकानिरसनासाठी ठरलेल्या वेळी बसणे ही त्याची कामे. बदल्यात शुल्कमाफी आणि महिन्याचे विद्यावेतन मिळते. परीक्षेत तो कमी पडला तर वर्गात उभे राहण्याची परवानगी मिळत नाही. उच्चारांचा एक अभ्यासक्रम त्याच्या माथी येतो आणि पुष्कळ ठिकाणी आठवड्यातून एक तास बोलण्याच्या सरावासाठी पदवीचा एक अमेरिकन विद्यार्थी जोडीला दिला जातो. दोन-तीन सत्रांत पुन्हा उत्तीर्ण झाला नाही तर शिक्षणाचा आर्थिक पायाच डळमळतो, कारण विद्यार्थी व्हिसावर विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही, आणि आवाराबाहेर तर सहसा मुळीच नाही.

सीमाभागातल्या मराठी माणसाने या दूरदेशीच्या व्यवस्थेची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. एक उत्तर सरळ आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ३ लाख ३१ हजारांवर गेली आणि भारताने चीनला मागे टाकले. त्यातील बहुसंख्य पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. बेळगाव, निपाणी, खानापूरपासून इंदूर, बडोदे, हैदराबादपर्यंतच्या मराठी घरांतून गेलेली मुले त्यांत आहेत. दुसरे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. दोन माणसांचे बोलणे एकमेकांना कळले नाही तर दोष कोणाचा आणि दुरुस्ती कोणी करायची, या प्रश्नावर आपण सीमावासीयांनी एक आयुष्य घालवले आहे. तोच प्रश्न तिथे एका तासाच्या जोडीत, दोन खुर्च्यांवर, समोरासमोर बसलेला दिसतो.

जोडी लावण्याच्या या योजनेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी तिचा कट्टर समर्थक आहे. विरोध आहे तो तिच्या मांडणीला. ‘परदेशी साहाय्यकाला इंग्रजीचा सराव’ असे नाव तिला दिले की एक आजारी आणि एक परिचारक असे चित्र उभे राहते. एकोणीस वर्षांचा अमेरिकन मुलगा केवळ जन्माच्या योगायोगाने गुरू ठरतो, आणि तीस शोधनिबंध वाचून आलेला माणूस त्याच्यासमोर रुग्ण ठरतो. योजनेतून काही निष्पन्न झाले की नाही हे मोजले जाते ते साहाय्यकाच्या पुढल्या परीक्षेतील गुणांवरून. त्या मुलाच्या कानांत काही फरक पडला का, हे कोणी मोजत नाही.

साहाय्यकाला या तासातून काय मिळते ते प्रथम पाहू, कारण ते खरोखरच मोलाचे असते आणि आपली मुले अनेकदा ते नाकारतात. ‘माझे सारे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले, मला सराव कशाला?’ हा ताठा मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांच्यासाठी गणिताच्याच तासाचे उदाहरण घेतो. आपला साहाय्यक फळ्यावर लिहितो आणि म्हणतो, ‘टू इन्टू थ्री’. आपल्याकडच्या शाळेत याचा अर्थ दोन गुणिले तीन, उत्तर सहा. अमेरिकन मुलाच्या कानाला ‘इन्टू’ भागाकाराकडे नेतो. गुणाकाराला तो ‘टाइम्स’ म्हणतो. भागाकारासाठी आपण ‘बाय’ म्हणतो, तिथे ‘ओव्हर’. आपले ‘अंडररूट’ तिथे ‘स्क्वेअर रूट’ असते. आपले ‘झेड’ तिथे ‘झी’ होते. आपला ‘ब्रॅकेट’ तिथे बहुधा ‘परेन्थेसिस’. ‘एनी डाऊट्स?’ असे आपण शंका विचारण्यासाठी म्हणतो. तिथल्या मुलाला वाटते की शिक्षक आपल्यावर वा स्वतःवरच अविश्वास व्यक्त करत आहेत. आणि शिसपेन्सिलीने लिहिलेले खोडण्यासाठी वर्गात कोणाकडे ‘रबर’ मागितले तर जो हशा पिकतो त्याचे कारण वाचकांनी तिकडे असलेल्या भाच्या-पुतण्यांनाच विचारावे. यातला एकही शब्द चुकीच्या इंग्रजीचा नाही. भारतात कोट्यवधी लोक हीच इंग्रजी शिकले आणि याच इंग्रजीत पूल बांधले, औषधे बनवली. परंतु वर्ग तिथला आहे, विद्यार्थी तिथले आहेत, आणि शिक्षकाने समोरच्याचे शब्द जाणून घ्यायचे असतात. हे शब्द कोणत्याही कोशाहून पदवीचा विद्यार्थीच चांगले सांगू शकतो, कारण तो रोज त्या वर्गात बसतो.

उच्चारांचेही तसेच. मराठी माणसाच्या इंग्रजीत शब्दारंभीचे प, ट, क हे अल्पप्राण राहतात. इंग्रजीत त्या जागी थोडा श्वास सुटतो. म्हणून आपला ‘पोल’ अमेरिकन कानाला ‘बोल’ ऐकू येऊ शकतो, आणि ‘टाइम’चा ‘डाइम’ होऊ शकतो. गंमत अशी की हा श्वास आपल्याला परका नाही. ‘पळ’ आणि ‘फळ’, ‘टक’ आणि ‘ठक’ यांत भेद करणारी भाषा आपण आईच्या मांडीवर शिकलो. प आणि महाप्राण फ यांच्या मधे कुठेतरी जीभ-ओठ नेऊन ठेवले की काम भागते. चिनी वा कोरियन मित्राला इंग्रजीतील जी वळणे घोटावी लागतात त्यांतली काही आपल्या ओंजळीत आधीच असतात. आपल्याला कोणी ते सांगितलेले नसते इतकेच. याउलट ‘व’ची गोष्ट. आपण लिहिताना ‘व्होल्ट’ आणि ‘वॅट’ असा भेद करतो, बोलताना तो पुष्कळदा पुसला जातो. विद्युतशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो पुसला जाणे परवडत नाही.

तरीही सुट्या ध्वनींहून शब्दातील आघात आणि वाक्याची चढ-उतार यांनी अधिक नुकसान होते. ‘पॅरामीटर’ या शब्दात अमेरिकन माणूस दुसऱ्या अवयवावर जोर देतो, आपण सहसा पहिल्यावर देतो वा सर्वांवर सारखाच. लॉरा हान यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एकच व्याख्यान वाक्यातील मुख्य आघात योग्य ठेवून, चुकवून आणि वगळून ऐकवले. योग्य आघात असलेले व्याख्यान ऐकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या लक्षात त्यातला आशय अधिक राहिला. लूसी पिकरिंग यांनी २००१ मध्ये चिनी साहाय्यकांच्या सुरांचा अभ्यास करून दाखवले की वाक्याचा सूर सपाट वा उतरता राहिला की विद्यार्थ्यांना शिक्षक तुटक, आपल्याविषयी अनास्था असलेला वाटू लागतो. माणूस मनाने कितीही आपुलकीचा असो, सूर त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. अशा गोष्टी पुस्तकातून सुधारत नाहीत. समोर कोणीतरी बसावे लागते, त्याच्या कपाळावरची आठी दिसावी लागते. यासाठीच जोडी हवी.

आता दुसरी बाजू. तिच्याविषयी विद्यापीठे फारसे बोलत नाहीत.

१९९२ साली जॉर्जिया विद्यापीठातील डोनाल्ड रुबिन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पदवीच्या ६२ विद्यार्थ्यांना त्यांनी चार मिनिटांचे ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. आवाज एकाच स्त्रीचा, ओहायोत वाढलेल्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या स्त्रीचा. ऐकताना काहींसमोर गोऱ्या शिक्षिकेचे छायाचित्र ठेवले होते आणि काहींसमोर पूर्व आशियाई चेहऱ्याच्या शिक्षिकेचे. आवाजात तसूभर फरक नव्हता. तरी आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना तिचे उच्चार परकीय वाटले. आणि याहून गंभीर म्हणजे ऐकलेल्या मजकुरातील गाळलेले शब्द भरण्याच्या चाचणीत त्यांचे गुणही घसरले. ती त्यांना खरोखरच कमी कळली होती. त्यांच्या डोळ्यांनी कानांना बंद करून टाकले होते.

या प्रयोगातील तोंड निर्दोष होते. ते कोणत्या उच्चारवर्गात पाठवायचे? आठवड्यातून किती तास सराव केल्यावर त्या छायाचित्राला ‘शुद्ध’ बोलता आले असते?

गेल्या चार दशकांतील कायदे याच्या उलट दिशेने गेले. १९८०च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडापासून सुरुवात झाली आणि पाठोपाठ अनेक राज्यांनी विद्यापीठांतील शिक्षकांचे इंग्रजी बोलणे तपासण्याचे नियम केले. पेन्सिल्व्हेनियाचा १९९० चा कायदा तर इंग्रजीतील अस्खलितपणाच्या नावानेच ओळखला जातो. २००५ साली नॉर्थ डकोटाच्या विधिमंडळात एक प्रस्ताव आला, त्याचा मूळ मसुदा असा होता की वर्गातील दहा टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकाचे बोलणे कळत नाही अशी तक्रार केली तर त्याला अध्यापनातून दूर करावे. तीस मुलांच्या वर्गात तीन जणांच्या कानांवर एका माणसाची उपजीविका! तो मूळ रूपात टिकला नाही, हे त्या राज्याचे सुदैव. शिक्षकाच्या तोंडावर असे कायदे झाले. विद्यार्थ्याच्या कानाबद्दल त्यांत अवाक्षर नाही.

इथे मला विरोधी पुरावाही मांडला पाहिजे, नाहीतर हे लेखन एकतर्फी आरडाओरड ठरेल. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी २००० साली अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या माहितीवरून असा निष्कर्ष काढला की परदेशी साहाय्यकांचा विद्यार्थ्यांच्या गुणांवर प्रतिकूल परिणाम होतो. बोर्हास स्वतः क्यूबातून आलेले स्थलांतरित आहेत, तेव्हा त्यांना परदेश्यांचा द्वेष्टा म्हणून झटकून टाकता येत नाही. मात्र दोनच वर्षांनी ओहायो राज्य विद्यापीठातील फ्लेशर, हाशिमोतो आणि वाइनबर्ग यांनी त्यांच्याच विषयातील वर्ग तपासले आणि परदेशी साहाय्यकांमुळे नुकसान झाल्याचे त्यांना आढळले नाही. तिथे साहाय्यकांची निवड आणि प्रशिक्षण वर्गावर जाण्यापूर्वीच होत असे. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर मला इतकेच दिसते की तयारीने फरक पडतो. प्रश्न उरतो तो तयारी कोणाकोणाची करायची हा.

कानाची तयारी होते, आणि आश्चर्य वाटावे इतक्या लवकर होते. क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवले की परकीय उच्चारांची वाक्ये ऐकताना प्रारंभी ऐकणाऱ्याचा वेग मंदावतो, पण एका मिनिटाच्या आत तो पुष्कळसा भरून निघतो. ब्रॅडलो आणि बेंट यांच्या २००८ च्या अभ्यासात आणखी एक उपयुक्त गोष्ट आढळली. चिनी उच्चारांचे अनेक वक्ते ऐकलेल्या श्रोत्यांना त्याच मुलखातील नवा, पूर्वी न ऐकलेला वक्ताही सोपा गेला. एकच वक्ता ऐकलेल्यांना दुसऱ्याचे बोलणे तसे सोपे झाले नाही. ज्यांनी बेळगावच्या रविवार पेठेत खरेदी केली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. घाऊक दुकानात दिवसभर गोकाक, बैलहोंगल, चंदगड, सावंतवाडी अशा चारी दिशांचे लोक येतात. गल्ल्यावरच्या माणसाला त्या सर्वांचे बोलणे कळते, आणि त्यासाठी त्याने कुठला वर्ग लावलेला नसतो.

तरी नुसता कान पुरत नाही, मनही यावे लागते. स्टेफनी लिंडमन यांनी २००२ साली अमेरिकन विद्यार्थ्यांना कोरियन विद्यार्थ्यांबरोबर जोडीने बसवले. एकाने नकाशावरचा मार्ग सांगायचा, दुसऱ्याने आपल्या नकाशावर तो काढायचा. कोरियनांविषयी ज्यांचे मत आधीच प्रतिकूल होते त्यांच्यापैकी काहींनी प्रश्नच विचारले नाहीत, न कळलेले तसेच सोडून दिले. काहींनी प्रत्येक वाक्याला अडथळा मानले. आणि मार्ग बरोबर निघाला तरीही अशा विद्यार्थ्यांनी संवाद अयशस्वी झाला असेच सांगितले. काम झाले होते. ते झाले हे कबूल करायला मन तयार नव्हते. सीमाभागातील कचेऱ्यांत ज्यांनी चार तास रांगेत काढले आहेत त्यांना या निष्कर्षावर भाष्य नको.

यावर इलाज काय, याचेही उत्तर याच क्षेत्रातून आले आहे. ओक्किम कांग, रुबिन आणि लिंडमन यांनी २०१५ मध्ये पदवीचे विद्यार्थी आणि परदेशी साहाय्यक यांना काही काळ अनौपचारिकपणे एकत्र आणून सहकार्याने कोडी सोडवायला लावले. कोणी कोणाचा उच्चार सुधारायचा नव्हता. त्यानंतर त्या विद्यार्थ्यांना साहाय्यकांचे बोलणे अधिक सुबोध वाटू लागले. साहाय्यकांचे ध्वनी बदलले नव्हते, खुर्च्यांची मांडणी बदलली होती.

म्हणून माझे म्हणणे असे. जोडी लावावी, अवश्य लावावी, पण तिच्यात दोघेही शिकणारे आहेत हे कागदावर लिहावे. साहाय्यकाला त्या तासाबद्दल उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा शेरा मिळत असेल तर पदवीच्या विद्यार्थ्यालाही मिळावा. त्याला श्रेयांक द्यावेत आणि सत्राच्या शेवटी त्याने अपरिचित उच्चारांचे दहा मिनिटांचे व्याख्यान ऐकून त्याचा गोषवारा लिहून दाखवावा. आज अनेक ठिकाणी हा विद्यार्थी तासाचे पैसे घेतो वा प्रमाणपत्रावर ‘स्वयंसेवा’ असे लिहून घेतो. परोपकाराचे समाधान मिळते आणि कान जसेच्या तसे राहतात. गप्पांसाठी ‘तुमच्या देशातले सण’ असले विषय देऊ नयेत. दिवाळी आणि चिनी नववर्ष यांची माहिती देऊन आपली मुले कंटाळून गेली आहेत. त्याऐवजी त्या सत्रात घ्यायच्या प्रयोगांची पुस्तिका दोघांसमोर ठेवावी आणि साहाय्यकाने पुढल्या आठवड्याचा प्रयोग त्या एका विद्यार्थ्याला खरोखर समजावून सांगावा. कुठे ‘इन्टू’ अडले, कुठे आघात चुकला, कुठे विद्यार्थ्यानेच पूर्वतयारी केलेली नव्हती, हे दोघांनाही तिथेच कळेल. आणि जोड्या सत्रभर तशाच ठेवू नयेत, फिरवाव्यात, म्हणजे एका अमेरिकन मुलाच्या कानावर बेळगाव, शांघाय, तेहरान आणि ढाका अशा चार गावांची इंग्रजी पडेल. ही सर्व व्यवस्था पहिल्या तासाच्या आधी व्हायला हवी. तक्रार झाल्यावर लावलेली जोडी ही शिक्षाच वाटणार.

यावर नेहमीचा आक्षेप असा की विद्यार्थी शुल्क भरतो, गिऱ्हाईक तो आहे, त्याने का कष्ट घ्यावेत. ज्या शिक्षणसंस्थेला आपला विद्यार्थी गिऱ्हाईक वाटतो तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण हिशोबाच्याच भाषेत बोलायचे तरी उत्तर आहे. हा विद्यार्थी चार वर्षांनी ज्या कंपनीत जाईल तिथे त्याचा वरिष्ठ हैदराबादचा असेल, पुरवठादार तैवानचा, आणि रुग्णालयात नेले तर डॉक्टर बहुधा नागपूरचा वा लाहोरचा. त्यांच्यापुढे ‘मला कळत नाही’ म्हणून कोणाकडे तक्रार करणार? रोझिना लिपी-ग्रीन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली आपल्या पुस्तकात संवादाच्या ओझ्याची कल्पना मांडली आहे. संवाद हे दोघांनी मिळून उचलायचे ओझे असते. प्रबळ भाषेचा माणूस मात्र आपल्या वाट्याचे टोक खाली ठेवून देण्याचा हक्क स्वतःकडे घेतो, आणि समोरचा एकटा वाकला की त्यालाच अशक्त म्हणतो.

ही कल्पना वाचताना मला आपला मुलूख आठवला, हे लपवत नाही. पण सावधपणे तुलना केली पाहिजे. अमेरिकेतील साहाय्यक स्वेच्छेने गेलेला असतो, वर्गात शिकवण्याचे वेतन घेतो, त्याने तिथली भाषा शिकावी ही अपेक्षा रास्त आहे. आपण कुठेही गेलो नव्हतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी घर, विहीर, शेत होते तिथेच राहिले आणि राज्य बदलले. त्यामुळे आपला दावा त्या साहाय्यकाच्या दाव्याहून पुष्कळ मोठा आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे तिथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे सूत्र केंद्राने आणि राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी केव्हाच मान्य केलेले आहे. तरी खानापूरच्या शेतकऱ्याने जमिनीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचून द्यायला माणूस शोधत हिंडावे लागते. ओझ्याचे एक टोक जमिनीवर टेकलेले आहे; ते कोणी टेकवले हे सर्वांना ठाऊक आहे. कन्नड बाजारकरी आणि मराठी बाजारकरी यांच्यात मात्र हे ओझे रोज दोघे मिळून उचलतात. तो मोडकी मराठी बोलतो, आपण मोडके कन्नड बोलतो, भाजी तोलली जाते. टोक खाली ठेवते ती कचेरी.

येथवर सर्व वाचकांनी माना डोलावल्या असतील. पुढचे कदाचित रुचणार नाही.

आपण स्वतः कसे ऐकतो? बेळगावचा मुलगा पुण्यात शिकायला जातो आणि ‘मी अभ्यास करायलोय’ म्हणतो, तेव्हा वसतिगृहात हसणारे कोण असतात? मराठीच. इंदूरच्या वा बडोद्याच्या मराठी घरातली मुलगी मुंबईत नोकरीला लागते. तिच्या बोलण्यात हिंदीचा वा गुजरातीचा एखादा प्रयोग येतो आणि तिला विचारले जाते, ‘तू मूळची मराठी नाहीस का?’ चार पिढ्या परमुलखात भाषा जपून ठेवलेल्या घराला मायदेशात मिळणारे हे स्वागत. रुबिन यांच्या प्रयोगातील छायाचित्राची जागा इथे गावाचे नाव घेते. ‘बेळगाव’ म्हटले की कान आपोआप चुका शोधू लागतो.

याहून मोठा अपराध आपण परभाषकांच्या बाबतीत करतो. बिहारचा वा तेलंगणाचा माणूस मुंबई-पुण्यात येतो, दोन वर्षांत जमेल तशी मराठी जुळवतो आणि धीर करून म्हणतो, ‘मला दोन किलो तांदूळ पाहिजे आहे.’ दुकानातला मराठी माणूस क्षणाचाही विलंब न लावता हिंदीत उत्तर देतो. सौजन्य म्हणून देतो, हे मला मान्य आहे. परिणाम मात्र असा होतो की त्या माणसाची मराठी तिथेच खुंटते, आणि दहा वर्षांनी तोच दुकानदार सभेत टाळ्या वाजवतो, ‘इथे राहून यांना मराठी येत नाही!’ येणार कशी? त्याच्या मराठीला कोणी अर्धा तास कान दिला? मराठी न बोलणाऱ्याला धमकावणारे जागोजागी भेटतात. मोडकी मराठी बोलणाऱ्यासमोर खुर्ची ओढून बसणारे मी फार थोडे पाहिले. लिंडमन यांच्या नकाशाच्या खेळात अयशस्वी ठरलेले श्रोते आपल्यातही आहेत आणि त्यांची संख्या थोडी नाही.

आपल्या चळवळीत या विषयाला आजवर जागा नव्हती. पाट्या, परिपत्रके, शाळा, खटला यांतच शक्ती गेली, आणि ती जाणे अपरिहार्य होते. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याकडे पाहता ती आणखी काही वर्षे जाणार. तरीही एक काम विनाखर्चाचे आहे. सीमाभागातील मराठी महाविद्यालयांत कन्नड, उर्दू, कोंकणी घरांतून आलेली मुले शिकतात. त्यांतली कित्येक मराठी बोलू पाहतात. मराठी मंडळांनी वक्तृत्वस्पर्धा आणि हस्ताक्षरस्पर्धा जरूर घ्याव्यात, पण त्याबरोबर आठवड्यातून एक तास अशा जोड्याही लावाव्यात. कन्नड घरातल्या मुलाने मराठीत बोलावे, मराठी मुलाने कन्नडमध्ये, आणि तासाअखेर दोघांनी दुसऱ्याने काय सांगितले ते आपापल्या भाषेत लिहावे. व्याकरणाच्या चुका कोणी मोजू नयेत. कळले किती, एवढेच पाहावे. मराठीच्या पक्षाचा माणूस कन्नडचा सराव सुचवतो म्हणून कोणी माझ्यावर रागावणार असेल तर रागवावे. चार ओळी कन्नड येणाऱ्या मराठी माणसाचा हक्क कमी होत नाही, त्याची कैफियत उलट दोन भाषांत मांडली जाते.

आणि जी मुले या ऑगस्टमध्ये अमेरिकेला निघाली आहेत त्यांच्या पालकांना एक विनंती. ‘उच्चार शुद्ध करून देतो’ म्हणणाऱ्या वर्गांवर हजारो रुपये घालण्याआधी मुलाला त्याच्याच विषयातील दहा मिनिटे एखाद्या शेजाऱ्याच्या बारावीतल्या मुलीला इंग्रजीतून शिकवायला लावा, आणि तिला अडले की अडले असे म्हणू द्या. तिथे पोहोचल्यावर जोडी मिळाली तर तिने नाक मुरडू नये, त्याने ताठा धरू नये. पहिल्या भेटीत त्या अमेरिकन मुलाला शांतपणे विचारावे की तू याआधी किती परदेशी शिक्षकांचे तास ऐकले आहेस, आणि त्यांतले किती मधेच सोडलेस.